काटकोन त्रिकोण सोडवताना: कोन कुठला, बाजू कुठली आणि गाडी अडते कुठे

नववीत साइन, कॉस आणि टॅनची तोंडओळख होते, दहावीत उंची-अंतराची उदाहरणं येतात. परीक्षा झाली की हे सगळं संपलं असं वाटतं. मग आयटीआयला, पॉलिटेक्निकला किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तीच मंडळी पुन्हा दारात उभी राहतात आणि या वेळी चूक झाली तर मार्क जात नाहीत, माल रिजेक्ट होतो.

यात अवघड गणित जवळजवळ नाही. एक भागाकार, एक गुणाकार, कधी एक वर्गमूळ. चुका होतात त्या गणिताच्या आधी: आकृतीत कोन भलतीकडे मांडणं, बाजूला चुकीचं नाव देणं, कॅल्क्युलेटर भलत्याच मोडमध्ये असणं. म्हणून खाली सूत्रांना कमी आणि या जागांना जास्त वेळ दिला आहे.

सोबत काय लागेल

वहीतल्या उदाहरणांसाठी: पट्टी, पेन्सिल, कोनमापक आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. तिथे ३०, ४५ आणि ६० अंशांच्या किमती पाठच हव्यात. डिप्लोमाला साधा, प्रोग्रॅम न होणारा कॅल्क्युलेटर चालतो.

बाहेर जाऊन मोजायचं असेल तर: ३० मीटरचा टेप, मोठा कोनमापक, शीतपेयाची सरळ नळी, दोरा आणि ओळंबा म्हणून एखादा जड नट. मेनरोडवर एका फेरीत सगळं मिळतं. फोनमधल्या कोन मोजणाऱ्या ॲपवरही काम होतं, पण नळी-दोऱ्याचं यंत्र एकदा स्वतः बनवा. कोन नेमका कशाशी मोजला जातो हे त्यातून कळतं ते ॲपमधून कळत नाही.

१. माहिती पुरेशी आहे का ते पाहा

त्रिकोणाला तीन बाजू आणि तीन कोन. त्यातला एक कोन ९० अंशांचा, तो मिळालेलाच आहे. उरलेल्या पाचांपैकी दोन गोष्टी कळल्या की त्रिकोण पूर्ण सुटतो, पण त्या दोनांत किमान एक बाजू हवीच. नुसते कोन माहीत असतील तर त्रिकोणाचा आकार कळतो, माप कळत नाही. ३०-६०-९० चा गुण्या कंपासपेटीतही असतो आणि वर्गातल्या फळ्यासाठीही असतो. कोन तेच, बाजू वेगळ्या.

दुसरी खात्री अशी की काटकोन खरोखर काटकोन आहे का. पुस्तकात खांब जमिनीला नेहमी लंब असतो. गोदाकाठच्या उतरत्या घाटावर किंवा पावसाळ्यानंतर कललेल्या खांबाला ते लागू नाही. गवंडी पाया आखताना जे करतो तेच करा: कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फुटांवर, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. ५ फूट भरलं तर कोपरा गुण्यात आहे. ५ फूट १ इंच आलं तर कोन ९० पेक्षा मोठा आहे आणि खालचं सगळं गणित तेवढ्यापुरतं चुकणार.

२. आकृती काढा आणि मोठी काढा

समासात नखाएवढा त्रिकोण काढून काम भागत नाही. अर्धं पान घ्या. शिरोबिंदूंना नावं द्या, अ, ब, क, आणि काटकोन ब पाशी ठेवायची सवय लावा. दिलेली मापं बाजूवर लिहा, जे शोधायचं तिथे प्रश्नचिन्ह. ज्या कोनावर काम करायचं त्याला पेन्सिलीने कमान काढून ठळक करा. ही कमान पुढच्या पायरीत लागणार आहे.

३. बाजूंची नावं कोनावरून ठरतात

सर्वात जास्त चुका याच पायरीवर होतात.

कर्ण कधी बदलत नाही. तो काटकोनासमोर असतो आणि तिन्हींत लांब असतो. बाकी दोघी मात्र कोन बदलला की नावं बदलतात. ठळक केलेल्या कोनात उभं राहून समोर पाहा. जी बाजू समोर दिसते ती संमुख. जी पायाशी येऊन टेकते, पण कर्ण नाही, ती लगतची.

समजा अब = ३, बक = ४ आणि कर्ण अक = ५. क कोनातून पाहिलं तर अब संमुख आणि बक लगतची. अ कोनातून पाहिलं तर बरोबर उलट. म्हणून साइन क = ३ ÷ ५ = ०.६ आणि साइन अ = ४ ÷ ५ = ०.८. त्रिकोण तोच, पण कोन ३६.८७ आणि ५३.१३ अंशांचे.

काही क्लासमध्ये 'लंब' आणि 'पाया' असे शब्द शिकवतात. माझं मत विचाराल तर हे शब्द पहिल्या दिवशीच सोडून द्या. लंब म्हणजे उभी बाजू असं डोक्यात बसतं, आणि कोन वरच्या टोकाला आला किंवा त्रिकोण आडवा पडला की हमखास घोटाळा होतो. संमुख आणि लगतची हे शब्द कोनाला बांधलेले आहेत, कागदाच्या उभ्या-आडव्याला नाहीत.

४. गुणोत्तर निवडणं

साइन = संमुख ÷ कर्ण
कॉस = लगतची ÷ कर्ण
टॅन = संमुख ÷ लगतची

लक्षात ठेवायला: संक, लक, संल. अर्थ काही नाही, पण जिभेवर बसतं.

निवड कशी करायची? एकच प्रश्न विचारा: या उदाहरणात कुठल्या दोन बाजूंचं काम आहे? एक दिलेली, एक हवी असलेली. त्या दोघी ज्या गुणोत्तरात एकत्र येतात ते घ्या. कर्णाचा विषयच नसेल तर टॅन. कर्ण आहे आणि समोरची बाजू आहे तर साइन. कर्ण आहे आणि लगतची आहे तर कॉस. तिसरी बाजू आकृतीत आहे म्हणून तिला उगाच ओढू नका.

पाठ हवीत अशा किमती थोड्याच आहेत. ३० अंशांना साइन ०.५, कॉस ०.८६६०, टॅन ०.५७७४. ६० अंशांना साइन आणि कॉस अदलाबदल होतात आणि टॅन १.७३२१. ४५ अंशांना साइन-कॉस दोन्ही ०.७०७१ आणि टॅन बरोबर १. अदलाबदल का होते? ३० आणि ६० हे कोटिकोन आहेत, दोघांची बेरीज ९०. एकाची संमुख बाजू ती दुसऱ्याची लगतची.

जाता जाता एक गोष्ट. साइन हा शब्द आपल्याकडच्या 'ज्या' वरून फिरत फिरत गेला. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाने अशा २४ ज्यांच्या किमती दिल्या होत्या. ज्यालाच 'जीवा'ही म्हणत. अरबीत या 'जीवा'चं लेखन 'जैब' म्हणून वाचलं गेलं, त्याचा लॅटिन अनुवाद 'सायनस' झाला. कॉसला आपल्याकडे 'कोटिज्या' म्हणत, म्हणजे कोटिकोनाची ज्या. वरच्या अदलाबदलीचं कारण त्या नावातच आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. मनमाडमार्गे जाणाऱ्या नाशिककराला तो काही फार लांब नाही.

५. कॅल्क्युलेटरला आधी परीक्षा द्यायला लावा

काम सुरू करण्याआधी साइन ३० काढा. ०.५ आलं तर पुढे चला. उणे ०.९८८ आलं तर यंत्र रेडियनमध्ये आहे. ०.४५४ आलं तर ग्रॅडियनमध्ये. ही कोन मोजायची वेगळी एककं आहेत. दोन्ही वेळा मोड बदलून अंशांवर आणा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर तर हे दर वेळी करा. तिथल्या बटणावर लिहिलेला मोड चालू आहे की बटण दाबल्यावर चालू होणार आहे हे फोनगणिक बदलतं.

दुसरा सापळा अंश-मिनिटांचा. २८ अंश ३० मिनिटं म्हणजे २८.५, २८.३० नव्हे. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवा.

तिसरा: मधल्या पायरीत आकडे कापू नका. टॅन ३२ = ०.६२४९ आहे. त्याचं ०.६ केलंत तर १५ मीटरवरच्या उदाहरणात सुमारे ३७ सेंमीचा फरक पडतो. शेवटच्या उत्तरालाच काय ती कापाकापी करा.

६. बाजू काढणं: अज्ञात वर आहे की खाली

अज्ञात बाजू अंशस्थानी असेल तर गुणायचं, छेदस्थानी असेल तर भागायचं. सोपं वाटतं, पण घाईत इथेच हात घसरतो.

उदाहरण बागेचं घेऊ. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या मांडवाला ओळीच्या टोकाच्या खांबाला तारेचा ताण देतात. तार खांबाला जमिनीपासून ६ फुटांवर बांधली आहे आणि जमिनीशी ५० अंशांचा कोन करते असं धरा. तार किती लागेल, आणि जमिनीतला दगड किंवा अँकर खांबापासून किती लांब पुरायचा?

कोन जमिनीपाशी आहे. ६ फूट ही संमुख, तार म्हणजे कर्ण. संमुख आणि कर्ण, म्हणजे साइन.

साइन ५० = ६ ÷ तार
तार = ६ ÷ ०.७६६० = ७.८३ फूट

अँकरच्या अंतरासाठी पुन्हा दिलेल्या ६ फुटांवरूनच जा, आत्ता काढलेल्या ७.८३ वरून नको. आधीच्या उत्तरात चूक असेल तर ती पुढे सरकते. संमुख आणि लगतची, म्हणजे टॅन.

अंतर = ६ ÷ टॅन ५० = ६ ÷ १.१९१८ = ५.०३ फूट

आता पायथागोरसने पडताळा: ६ चा वर्ग ३६, ५.०३ चा वर्ग २५.३, बेरीज ६१.३, वर्गमूळ ७.८३. जुळलं.

भागण्याऐवजी गुणलं असतं तर तार ४.६ फूट आली असती. ६ फुटांवर बांधलेली तार जमिनीला टेकवायला ४.६ फूट कशी पुरेल? कर्ण दोन्ही बाजूंपेक्षा लांबच असतो, एवढं आठवलं तरी ही चूक जागीच सापडते.

आणि ७.८३ फूट म्हणजे ७ फूट ८ इंच नव्हे. ०.८३ ला १२ ने गुणा, ९.९६ येतात, म्हणजे ७ फूट १० इंच. मिस्त्रीला माप सांगताना ही चूक सर्रास होते. गाठीला आणि पिळाला लागणारी तार वेगळी धरा, त्रिकोणाला गाठ माहीत नसते.

७. कोन काढायचा असेल तर

दोन बाजू दिल्या आहेत, कोन हवा आहे. आता उलटं जायचं. भागाकार करा आणि कॅल्क्युलेटरवर शिफ्ट दाबून साइन, कॉस किंवा टॅनचं बटण दाबा. डोक्यावर उणे एक लिहिलेलं असतं, पण तो घातांक नाही. 'हे गुणोत्तर कुठल्या कोनाचं?' असा तो प्रश्न आहे. एक भागिले साइन असं करून काहीतरी भलतंच उत्तर आणणारे दर वर्षी भेटतात.

घराचं जोतं दीड फूट उंच आहे आणि व्हीलचेअरसाठी रॅम्प करायचा आहे. एकास बाराचा उतार धरला तर आडवं अंतर १८ फूट.

टॅन = १.५ ÷ १८ = ०.०८३३, कोन = ४.७६ अंश

इथे एक बारकावा पुस्तकात सहसा सांगत नाहीत. हाच कोन कॉसनेही निघतो: १८ भागिले रॅम्पची तिरकी लांबी. ती लांबी १८.०६ फूट आहे. १८.०६ घेतलं तर कोन ४.६७ येतो. टेप धरताना अर्धा इंच इकडेतिकडे होऊन १८.१० मोजलं गेलं, तर कोन एकदम ६.०३ येतो. टॅनने जाताना जोत्याच्या उंचीत तेवढीच अर्ध्या इंचाची चूक झाली असती तर कोन ४.८९ पर्यंतच गेला असता. कारण शून्याजवळ कॉस जवळजवळ हलत नाही. कोन बराच बदलला तरी तो १ ला चिकटून बसतो, म्हणून त्यावरून कोन ओळखणं धोक्याचं. लहान कोन टॅनने किंवा साइनने काढा. तसंच ९० जवळचा कोन साइनने काढू नका.

वर्कशॉपमधला साइन बार (दोन रोलरवर बसलेली, नेमका कोन लावायची पट्टी) याच कारणाने ४५ अंशांच्या पुढे वापरायचं टाळतात. २०० मिमीचा बार (ही लांबी दोन रोलरच्या केंद्रांमधली, बारच्या टोकांमधली नव्हे) २५ अंशांवर उचलायचा असेल तर एका रोलरखाली ठेवायचा स्लिप गेजचा (नेमक्या जाडीच्या ठोकळ्यांचा) थर २०० × ०.४२२६२ = ८४.५२४ मिमी. इथे साइनची किंमत चार दशांशांवर थांबवलीत तर थर ८४.५२० येतो, ४ मायक्रॉनचा फरक. मायक्रॉनच्या कामात पाच दशांश तरी घ्या.

लेथवरचा टेपर, म्हणजे निमुळता भाग, म्हणजे याच गणिताचा रोजचा उपयोग. मोठा व्यास ४०, लहान ३०, लांबी ६० मिमी. कंपाउंड स्लाइड (हत्यार धरणारा, कोनात फिरणारा भाग) किती अंशांवर फिरवायची? नवशिका ४० मधून ३० वजा करून १० भागिले ६० करतो. चूक. स्लाइड जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) मध्यरेषेपासून फिरते, म्हणजे काटकोन त्रिकोणाची संमुख बाजू व्यासांतला फरक नसून त्रिज्यांतला फरक आहे, ५ मिमी.

टॅन = ५ ÷ ६० = ०.०८३३, कोन = ४.७६ अंश

रॅम्पचाच कोन आला, कारण गुणोत्तर तेच आहे. टेपरचा पूर्ण कोन ९.५३ अंश. ड्रॉइंगवर पूर्ण कोन दिलेला असतो आणि स्लाइड निम्म्यावर लावायची असते, हे विसरून स्लाइड थेट ९.५३ वर लावली तर ६० मिमीत व्यास १० ऐवजी २० मिमीने उतरतो. तोवर जॉब गेलेला असतो.

८. उन्नत कोन, अवनत कोन

दोन्ही कोन डोळ्यातून जाणाऱ्या क्षितिजसमांतर रेषेशी मोजतात. वर पाहताना उन्नत, खाली पाहताना अवनत. अवनत कोन भिंतीशी मोजला की गणित उलटं होतं. २४ मीटर उंच गच्चीवरून रस्त्यावरची स्कूटर २८ अंशांच्या अवनत कोनात दिसते. स्कूटर इमारतीपासून २४ ÷ टॅन २८ = २४ ÷ ०.५३१७ = ४५.१ मीटर लांब. कोन भिंतीशी धरणाऱ्याला १२.८ मीटर मिळतात. ओळखायचं कसं? कोन ४५ पेक्षा लहान, म्हणजे नजर फारशी खाली वळलेली नाही, म्हणजे अंतर उंचीपेक्षा जास्तच हवं.

उंची प्रत्यक्ष मोजायचं यंत्र असं: कोनमापकाच्या सरळ कडेवर नळी चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा ओवून त्याला नट बांधा. नळी आडवी असताना दोरा ९० वर येतो. नळीतून दीपमाळेचं टोक पाहा आणि सोबत्याला दोरा कुठे आहे ते वाचायला सांगा. दोरा ५८ वर असेल तर उन्नत कोन ९० वजा ५८ = ३२ अंश. ५८ च कोन म्हणून लिहिणं ही या यंत्राची ठरलेली चूक.

दीपमाळेपासून १५ मीटरवर उभे असाल तर १५ × ०.६२४९ = ९.३७ मीटर. त्यात डोळ्याची उंची, समजा १.५ मीटर, मिळवा: १०.८७ मीटर. डोळ्याची उंची विसरणं ही दुसरी चूक. मिळवायची डोळ्याची उंची आहे, स्वतःची पूर्ण उंची नाही.

कुठे उभं राहायचं यालाही महत्त्व आहे. हाताच्या यंत्रात एक अंश तरी इकडेतिकडे होतोच. ४५ अंशांच्या आसपास त्या एका अंशाने उंचीत साडेतीन टक्क्यांची चूक येते. २० किंवा ७० अंशांवर ती साडेपाच टक्क्यांजवळ जाते, १० किंवा ८० अंशांवर दहा टक्क्यांवर. म्हणून वस्तू जेवढी उंच वाटते साधारण तेवढ्याच अंतरावर उभे राहा. अगदी पायथ्याशी जाऊन मान वाकडी करण्यात काही मिळत नाही.

९. पायथा हाताशी नसेल तर

टेकडीच्या शिखराखालच्या बिंदूपर्यंत टेप नेता येत नाही. मग दोन ठिकाणांहून कोन घ्या. मैदानावरून एका टेकडीचं शिखर ३० अंशांवर दिसलं आणि सरळ मागे १०० मीटर गेल्यावर २२ अंशांवर. उंचीला उ म्हणा.

जवळच्या खुणेपासून शिखराखालच्या बिंदूपर्यंत अंतर = उ ÷ टॅन ३० = १.७३२१ उ
लांबच्या खुणेपासून = उ ÷ टॅन २२ = २.४७५१ उ
फरक ०.७४३० उ = १०० मीटर
उ = १३४.६ मीटर, डोळ्यापासून वर

अटी दोन: दोन्ही खुणा आणि शिखर एकाच उभ्या प्रतलात हवेत, आणि दोन्ही खुणा एकाच सपाटीवर. आणि इशारा एक: ही पद्धत फार हळवी आहे. २२ ऐवजी २२.५ वाचलं तर उंची १४६.६ येते. अर्ध्या अंशाला १२ मीटर! दोन खुणांमधलं अंतर वाढवाल तेवढं बरं. दोन कोनांत पाच-सात अंशांचाच फरक असेल तर आलेल्या उत्तराला 'साधारण' हा शब्द लावूनच सांगा.

१०. उत्तर पक्कं करण्याआधी

सरळ तपासण्या आहेत, अर्धा मिनिट लागतो. कर्ण सर्वांत लांब आहे का? साइन किंवा कॉस १ च्या वर गेला का? गेला असेल तर भागाकार उलटा झाला, कॅल्क्युलेटर 'एरर' दाखवेल. मोठ्या कोनासमोर मोठी बाजू आहे का? दोन लघुकोनांची बेरीज ९० भरते का? बोर्डाच्या पेपरात १० ÷ √३ आणि १० × √३ यांची गल्लत फार होते: पहिलं ५.७७, दुसरं १७.३२. कोन ६० असेल तर कुठली बाजू मोठी हवी ते आकृतीकडे बघूनच कळतं.

११. नाशिकची सावली आणि गच्चीवरचे पॅनल

सूर्याचा उन्नत कोन फुकट मिळतो, मोजावा लागत नाही. नाशिकचा अक्षांश जवळजवळ नेमका २० अंश उत्तर. मध्यान्हीला सूर्याचा कोन म्हणजे ९० वजा अक्षांश, अधिक त्या दिवशीची सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून सूर्य किती अंश उत्तरेला आहे ते; दक्षिणेला असेल तर उणे). २१ मार्चच्या सुमारास क्रांती शून्य, म्हणून कोन ७० अंश. २१ डिसेंबरच्या सुमारास क्रांती उणे २३.४, म्हणून ४६.६ अंश. १० मीटर भिंतीची सावली मार्चमध्ये १० ÷ २.७४७ = ३.६४ मीटर, डिसेंबरमध्ये १० ÷ १.०५७ = ९.४६ मीटर. २१ जूनला सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते.

मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे १२ नव्हेत. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि नाशिक ७३.८ च्या आसपास आहे. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सुमारे ३५ मिनिटांचा फरक. डिसेंबरच्या त्या दिवसांत खरी मध्यान्ह १२:३३ च्या सुमारास येते. १२ वाजता सावली मोजून वरचे आकडे वापरले तर जुळणार नाहीत.

आता गच्चीवर सोलर पॅनलच्या दोन रांगा लावायच्या आहेत. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून अक्षांशाएवढ्या, म्हणजे २० अंशांच्या उतारावर. पॅनलची तिरकी लांबी २ मीटर धरू. मागची कड पुढच्या कडेपेक्षा २ × साइन २० = ०.६८ मीटर उंच. गच्चीवर व्यापलेली जागा २ × कॉस २० = १.८८ मीटर. डिसेंबरच्या मध्यान्हीला त्या मागच्या कडेची सावली ०.६८४ ÷ १.०५७ = ०.६५ मीटर.

म्हणून दोन रांगांत ६५ सेंमी सोडले की झालं, असं समजून बरेच जण फसतात. सकाळी सूर्य खाली असतो. २१ डिसेंबरला मध्यान्हीच्या तीन तास आधी, घड्याळात साडेनऊच्या सुमारास, त्याचा कोन २८.३ अंशच असतो आणि सावली ०.६८४ ÷ ०.५३८ = १.२७ मीटर लांब होते. पण तेव्हा सूर्य दक्षिणेपासून ४७.५ अंश पूर्वेला असतो, म्हणून सावली सरळ उत्तरेला न जाता तिरकी वायव्येकडे पडते. तिचा उत्तरेकडचा भाग काढायला जमिनीवर आणखी एक काटकोन त्रिकोण काढा. १.२७ हा त्याचा कर्ण, हवी आहे ती लगतची बाजू, म्हणजे कॉस: १.२७ × ०.६७५६ = ०.८६ मीटर. साडेनऊपासून उन्हं हवी असतील तर दोन रांगांत निदान ८६ सेंमी सोडा. गच्ची उत्तरेकडे उतरती असेल तर त्याहून जास्त, कारण मग मागची रांग आणखी खाली जाते आणि सावली तिच्यावर चढते.